सात लॅपटॉप आणि एक एमबीची फाइल

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलला. विंडोज ११ ज्यांच्यावर चढत नाही असे चांगले धडधाकट लॅपटॉप कंपन्यांमधून बाहेर पडतायत आणि शाळांकडे, वाचनालयांकडे, कुणाच्या तरी भाच्याकडे जातायत. त्यांच्यावर लिनक्स टाकायला बसलेली माणसं मला लिहितात. लिनक्स मुक्त आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. या महिन्यात तीन पत्रं निवडली आहेत. दुखणं तिघांचं एकच आहे : फर्मवेअर, म्हणजे चिपला चालवणारा प्रोग्राम, जो कंपनी बंदिस्त ठेवते. म्हणून एकत्र घेते.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेला एका कंपनीकडून ११ जुने लॅपटॉप मिळाले. मुलांच्या हातात पहिल्यापासून मुक्त सॉफ्टवेअरच द्यायचं असं मी ठरवलं होतं, पालकसभेत तसं बोललोही होतो. सगळ्यांवर ट्रिस्क्वेल हे पूर्ण मुक्त लिनक्स टाकलं. चार लॅपटॉपवर वाय-फाय लगेच लागलं. सातांवर नेटवर्कची यादीच येत नाही. लॉग उघडून पाहिला तर फर्मवेअरच्या फाइलचं नाव असायला हवं तिथे ‘डीब्लॉब्ड’ एवढाच शब्द. सहकारी म्हणतात, फुकटचं ते असंच असतं, सरळ विंडोजची कॉपी मारा. लॉगचा आणि हार्डवेअरच्या यादीचा फोटो जोडला आहे. मी माझं तत्त्व सोडायचं का?
— एक प्राथमिक शिक्षक, पाटण तालुका

उत्तर : सर, तुमचे फोटो मी मोठे करून नीट पाहिले. आधी हे सांगते की तुमचं काही चुकलेलं नाही आणि लॅपटॉपही बिघडलेले नाहीत.

वाय-फायच्या कार्डावर त्याचा स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो. तुमच्या सात लॅपटॉपमध्ये इंटेलचं ७२६० हे कार्ड आहे. त्याच्या प्रोसेसरला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, कार्डाच्या पोटात साठवलेला नसतो. लॅपटॉप सुरू झाला की कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, डिस्कवरची एक फाइल उचलतो आणि कार्डाला भरवतो. फाइल जेमतेम एक एमबीची. ती मिळाली नाही तर कार्ड जागं होतच नाही, मग नेटवर्कची यादी कुठून येणार? ही फाइल कुणीही कुणालाही द्यावी अशी इंटेलची परवानगी आहे, पण आहे तशीच. उकलून बघायला परवान्यातच मनाई आहे आणि मूळ कोड मिळत नाही. कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर मात्र लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे आणि तो पूर्ण मुक्त आहे.

ट्रिस्क्वेलमध्ये जो कर्नल येतो तो लिनक्स-लिब्रे. नेहमीच्या कर्नलमधून बंदिस्त फर्मवेअर काढून टाकलेला, आणि ते मागवण्याची सोयही बंद केलेला. जिथे फाइलचं नाव छापायचं तिथे नाव पुसून तो ‘डीब्लॉब्ड’ छापतो. बंदिस्त फाइलचं नाव सांगणं म्हणजे ती टाकून घ्यायला सुचवणंच, अशी त्यामागची भूमिका आहे. उरलेल्या चार लॅपटॉपमध्ये ॲथेरॉसचं एआर९२८५ आहे. त्याला अशी फाइल लागतच नाही. एटीएच९के नावाचा मुक्त ड्रायव्हर थेट त्या चिपला चालवतो. म्हणून ते चार पहिल्याच दिवशी लागले.

लिनक्स-लिब्रे सांभाळणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीतून बंदिस्त तुकडे वेचून काढायचं काम ते वर्षानुवर्षं करत आलेत. ते कुणीच केलं नसतं तर कर्नलच्या आत किती बंदिस्त माल आहे हे आपल्याला समजलंच नसतं. पण नाव पुसण्याच्या बाबतीत माझं त्यांच्याशी पटत नाही. तुमच्यासारखा माणूस दुपारभर लॉग वाचत बसतो, त्याला अडचण समजून घ्यायची असते. त्याच्यापासून फाइलचं नाव लपवून त्याचं स्वातंत्र्य वाढत नाही. तो दमतो आणि सहकाऱ्यांचं ऐकतो.

आणि सहकारी काय सुचवतायत ते बघा. विंडोजच्या त्या कॉपीमध्येही इंटेलचं हेच बंदिस्त फर्मवेअर असणार आहे. त्याच्यावर ड्रायव्हर बंदिस्त, कर्नल बंदिस्त, वरचा सगळा इमला बंदिस्त. वर परवाना नाही, म्हणजे सातवीच्या पोरांना आपण पहिला धडा चोरीचा देणार. एक एमबी बंदिस्त नको म्हणून काही जीबी बंदिस्त घ्यायचं, हा हिशेब मला कुठल्याच बाजूने जमत नाही.

मी तुमच्या जागी असते तर अकराही लॅपटॉपवर डेबियन हे लिनक्स टाकलं असतं. चार ॲथेरॉसवाल्यांना बंदिस्त काहीच द्यायचं नाही. सात इंटेलवाल्यांना फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय हे एकच पॅकेज द्यायचं. पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये ‘मेन’ (मुक्त पॅकेजं) आणि ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ (फक्त बंदिस्त फर्मवेअर) हे दोनच शब्द ठेवायचे. ‘नॉन-फ्री’ हा तिसरा विभाग उघडायचाच नाही. म्हणजे उद्या कुणी घाईघाईत भलतंच बंदिस्त पॅकेज मागितलं तरी ते मिळणार नाही.

पैशांची सोय झाली तर पुढची पायरीही आहे. मागचं झाकण काढा. वाय-फायचं कार्ड बोटाच्या दोन पेरांएवढं असतं, एका किंवा दोन स्क्रूंनी धरलेलं. त्याला दोन बारीक वायरी येतात, बहुधा एक काळी आणि एक पांढरी. त्यांच्या टोकाला तांदळाच्या दाण्याहून लहान सोनेरी टोपी असते. नखाने सरळ वर उचलली की सुटते. तिरकी ओढली तर मोडते, तेव्हा हे काम मुलांना बघू द्या पण करा तुम्हीच. तिथे जुनं ॲथेरॉसचं कार्ड बसू शकतं. पण आधी दोन गोष्टी तपासा. खाच त्याच मापाची आहे का, आणि लॅपटॉपचं बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी धावणारा प्रोग्राम, दुसरं कार्ड चालू देतं का. काही कंपन्यांनी बायोसमध्ये ठरावीक कार्डांचीच यादी घालून ठेवलेली असते. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होत नाही. मालकाने पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत मालकालाच कुलूप, ही गोष्ट मला बंदिस्त फर्मवेअरपेक्षा जास्त लागते.

झाकण उघडायचं नसेल तर यूएसबी अडॅप्टर. त्यात एआर९२७१ ही चिप शोधा. या चिपला फर्मवेअर लागतं, पण २०१३ मध्ये क्वालकॉम ॲथेरॉसने त्याचा मूळ कोडच खुला केला. आज डेबियनच्या ‘मेन’मध्ये ते मुक्त पॅकेज म्हणून बसलेलं आहे. वाय-फायच्या दुनियेत असं क्वचित घडलंय. मात्र खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनचं उदाहरण बघा. पहिल्या आवृत्तीत एआर९२७१ होती, दुसरीपासून रिअलटेकची चिप आली. बाहेरून नाव तेच, आत माल वेगळा. पाठीमागच्या लेबलवर आवृत्तीचा आकडा असतो, तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

माझ्या कराडच्या दुकानात एक दोनशेपानी वही आहे. दुरुस्तीला आलेल्या, लिनक्स चढवलेल्या प्रत्येक मशीनला त्यात एक पान. वर चिपांची नावं, खाली लाल शाईने ‘बंदिस्त’ अशी ओळ आणि तिच्यापुढे यादी. कुणाच्या पानावर एकच नाव असतं, कुणाच्या पानावर सहा. गिऱ्हाईक मशीन न्यायला आलं की ते पान मी त्याला वाचून दाखवते, मग तो विचारो न विचारो. तुमच्या वर्गात अकरा पानांची अशी वही करा आणि ती मुलांकडून लिहून घ्या. सातवीच्या मुलाला हे नक्की समजतं. पालकसभेत तुम्ही जे बोललात ते मागे घ्यायची गरज नाही, त्यात फक्त सात ओळींची भर पडली.

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेबियनने १२ व्या आवृत्तीपासून बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच घातलं. आमच्या गटातले सीनियर म्हणतात, हा विश्वासघात आहे. तुम्ही तर सगळ्यांना डेबियनच सुचवता. तुम्हाला हे पटतं? आणि ग्राफिक्समध्ये पूर्ण मुक्त असं काही मिळतं का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळ, पटतं. पण लगेच पटलं नव्हतं.

आधी घडलं काय ते नीट बघू. डेबियनचा सामाजिक करार १९९७ चा. डेबियन शंभर टक्के मुक्त राहील, असं त्याचं पहिलंच कलम. चौथं कलम म्हणतं की आमचं प्राधान्य आमच्या वापरकर्त्यांना आणि मुक्त सॉफ्टवेअरला. सगळी ओढाताण या दोघांच्या मधली. २००४, २००६, २००८ अशी फर्मवेअरवरून मतदानं झाली. २०११ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत कर्नलमधलं बंदिस्त फर्मवेअर बाहेर काढलं गेलं. त्यानंतर बारा वर्षं अधिकृत इन्स्टॉलर पूर्ण मुक्त होता आणि फर्मवेअर घातलेला दुसरा इन्स्टॉलर ‘अनधिकृत’ म्हणून बाजूला ठेवलेला असायचा. तो प्रकल्पाचेच लोक बनवायचे, पण शोधावा लागायचा. अधिकृतवाला मध्येच थांबायचा, अमुक नावाची फाइल हवी, पेनड्राइव्ह लावा म्हणायचा. फाइल हवी वाय-फायसाठी, आणि ती उतरवून घ्यायला लागणार वाय-फाय. २०२२ मध्ये पुन्हा मतदान झालं, करारातच दुरुस्ती झाली, आणि १० जून २०२३ ला आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून एकच इन्स्टॉलर राहिला, फर्मवेअरसह.

माझं मत आवाजामुळे बदललं. डेबियनचा इन्स्टॉलर बोलतो, हे तुला माहीत असेल. बूटचा मेनू आला की एस दाबून एंटर द्यायचं, पुढची प्रत्येक पायरी तो वाचून दाखवतो. अंध माणूस कुणाची मदत न घेता आपल्या मशीनवर आपली सिस्टीम टाकू शकतो. पण बऱ्याचशा नव्या लॅपटॉपमध्ये आवाजाच्या चिपलाही फर्मवेअर लागतं. ते नसलं की इन्स्टॉलर मुका. माझ्या शेजारी एक पूर्ण अंध मुलगी बसली होती, मांडीवर नवा लॅपटॉप, दोन्ही हात कीबोर्डवर, आणि ती वाट बघत होती. स्क्रीनवर काय आलंय ते मला दिसत होतं. मी वाचून दाखवलं, तिने पुढचं केलं. ‘ताई, मला हे एकटीला करायचं होतं,’ म्हणाली. मुक्त सॉफ्टवेअर कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, हा प्रश्न त्या दिवशी मला पुस्तकातला राहिला नाही.

त्या आवाजाच्या फर्मवेअरची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. साउंड ओपन फर्मवेअर या प्रकल्पाचा मूळ कोड खुला आहे, तू आज उतरवून वाचू शकतेस. पण बाजारातल्या बहुतेक इंटेल लॅपटॉपमध्ये इंटेलच्या किल्लीने सही केलेलीच फाइल चालते. तू कोड बदललास, स्वतः बांधलास, तरी तुझ्याच लॅपटॉपची चिप तो घेणार नाही. म्हणून कोड खुला असूनही डेबियनमध्ये त्या सही केलेल्या फाइलची जागा ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’मध्येच आहे. नुसता परवाना बघून स्वातंत्र्य मोजता येत नाही, हे मी यावरून शिकले.

तुझ्या सीनियरना तीन गोष्टी विचार. पहिली प्रोसेसरची. त्याच्या आत मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरचं स्वतःचं फर्मवेअर, असतो, तो बंदिस्त. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष उघडकीला आले तेव्हा काही बचाव मायक्रोकोडच्या अपडेटमधून आले. ‘बंदिस्त अपडेट नको’ म्हटलं तरी प्रोसेसरमध्ये आधीपासून भरलेला मायक्रोकोड तसाच राहतो, तोही बंदिस्तच, फक्त जुना आणि भोकं असलेला. दुसरी, फर्मवेअर चिपमध्ये कायमचं कोरलेलं असेल तर त्याला हार्डवेअर म्हणून सोडून द्यायचं आणि तेच डिस्कवरून आलं की नाकारायचं, ही रेघ मला टिकणारी वाटत नाही. उलट जे डिस्कवरून येतं ते उद्या बदलता येतं. एआर९२७१ चं खुलं फर्मवेअर लोकांपर्यंत पोचलं ते त्यामुळेच. तिसरी, ओपनबीएसडी, ही लिनक्ससारखीच एक मुक्त सिस्टीम बनवणारे लोक. तत्त्वाच्या बाबतीत त्यांच्याइतके कडक लोक थोडे, त्यांचे संस्थापक थिओ डी राट यांना २००४ चा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा पुरस्कार मिळालेला आहे. मुख्य प्रोसेसरवर, कर्नलच्या आत चालणारा बंदिस्त तुकडा त्यांना अजिबात चालत नाही. पण कार्डावर चालणारं, वाटायला मोकळं असलेलं फर्मवेअर ते वापरू देतात आणि कंपन्यांकडे चिपचे कागद मागत राहतात. म्हणजे रेघ एकच नाही, आणि ती कुठे ओढायची यावर शहाण्या माणसांचं दुमत आहे.

सीनियरचं एक म्हणणं मात्र खरं आहे. अडचण दिसेनाशी झाली की रागही जातो. पूर्वी इन्स्टॉलर अडायचा तेव्हा निदान कळायचं की अमक्या कंपनीने आपल्याला बांधून ठेवलंय. आता सगळं पहिल्या झटक्यात चालतं आणि कुणाला काही विचारावंसं वाटत नाही. ही भीती मला आहे. म्हणून नवं मशीन लावलं की बूटच्या ओळीत आधी ‘फर्मवेअर=नेव्हर’ लिहून एकदा इन्स्टॉलर चालवून बघ. काय काय बंद पडतं ते लिहून घे. मग हवं ते उघडं कर. सिस्टीम चढल्यावर चेक-डीएफएसजी-स्टेटस हे छोटं साधन चालव, मशीनवर बंदिस्त पॅकेजं किती त्याची यादी ते देतं. पूर्वी त्याचं नाव व्हीआरएमएस होतं, म्हणजे आभासी रिचर्ड स्टॉलमन, मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारे ते. विश्वासघात झाला असता तर असलं साधन डेबियनने जपलं नसतं.

ग्राफिक्सचंही विचारलंयस. तिथे पूर्ण मुक्त असं दुकानात जवळपास मिळतच नाही. एएमडीचा ड्रायव्हर मुक्त, पण फर्मवेअर बंदिस्त. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये कर्नलचे भाग खुले केले, ते ट्युरिंग नावाच्या पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांसाठी. वरचा ड्रायव्हर बंदिस्तच. अभ्यासापुरतं हवं असेल तर प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्स पुरेसं आहे, वेगळं कार्ड घेऊ नकोस.

प्रश्न : माझं तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. मुलाने कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून दिलं, सातबारा, दाखले, सगळं छान चालतं. पण छोटा लेझर प्रिंटर रोज सकाळी चालू केला की कागद घेत नाही. मुलगा येऊन काहीतरी करतो, मग दिवसभर चालतो. वीज गेली की पुन्हा तेच. प्रिंटर खराब आहे का?
— एक दुकानदार भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, प्रिंटर चांगला आहे. या जातीच्या प्रिंटरला स्वतःची स्मरणशक्ती दिलेली नसते. किंमत कमी ठेवायची म्हणून त्याचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर ठेवतात आणि वीज आली की दर वेळी तो प्रिंटरला पाठवावा लागतो. तुमचा मुलगा येऊन नेमकं तेच करतो. ती फाइल कंपनीची, बंदिस्त, म्हणून लिनक्समध्ये आपोआप आलेली नाही. प्रिंटर जोडला की फाइल आपणहून जाईल असा नियम एकदाच लिहून ठेवता येतो. मुलाला ‘यूडेव्ह’चा नियम लिहायला सांगा, त्याला कळेल. दहा मिनिटांचं काम आहे, मग वीज कितीही वेळा जाऊ दे.

आणखी एक सांगते, तुमच्या दुकानाच्या पाटीवरच ते नाव आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. एका मजल्यावर कागद अडकायचा आणि दुसरीकडे बसलेल्यांना पत्ता नसायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये तिथल्या स्टॉलमन यांनी बदल केला होता, कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांच्या स्क्रीनवर निरोप यायचा. नव्याचा मूळ कोडच मिळेना. ज्याच्याकडे होता तो कार्नेगी मेलनमधला माणूस म्हणाला, मी कुणाला न देण्याचं लिहून दिलंय. ते नाकारणं स्टॉलमन यांच्या मनात राहिलं. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि त्यातूनच पुढे तुमच्या कॉम्प्युटरवर जे चालतंय ते उभं राहिलं. म्हणजे रोज सकाळी तुम्ही ज्या अडचणीपाशी उभ्या असता, तिथूनच हे सगळं सुरू झालंय.

पुढचा प्रिंटर घ्याल तेव्हा दुकानदाराला विचारा, हा आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट समजतो का. तसला प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय लिनक्सवर छापतो. त्याच्या आतला प्रोग्राम बंदिस्तच असेल, पण तो प्रिंटरमध्येच राहील आणि तुमचं दुकान त्याच्यासाठी खोळंबणार नाही. दुकानात जाताना मुलाला डेबियनचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे कॉम्प्युटरवर काही न चढवता थेट चालणारा, घेऊन सोबत न्या. तिथल्याच कॉम्प्युटरवर तो लावून, प्रिंटर एकदा बंद करून पुन्हा चालू करून, सातबाऱ्याचं एक पान छापून बघा. दुकानदार ‘घरी जाऊन बघा’ म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.